अंदालुसियातील सायकल-सहल : कोर्दोबा ते ग्रानादा आणि पुढे आल्पुहारा, पाण्याच्या मागावर

कऱ्हाकाठ (धागाकर्ती)

गेल्या एप्रिलच्या उत्तरार्धात मी, माझे यजमान, माझी नणंद आणि तिचा मुलगा अशा चौघांनी दक्षिण स्पेनमधील अंदालुसियात आठ दिवसांची मार्गदर्शकासह सायकल-सहल केली. त्यांपैकी प्रत्यक्ष सायकल चालवण्याचे दिवस पाच होते आणि उरलेले कोर्दोबा आणि ग्रानादा ही शहरे पायी पाहण्यात गेले. ७११ ते १४९२ या काळात या भूभागाच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम राजवटी होत्या आणि त्या प्रदेशाला तेव्हा अल-अंदलुस म्हणत. आम्ही निघालो ते अर्थातच मशीद आणि राजवाडा पाहायला, कारण छायाचित्रांत तेच दिसते. परतलो ते मात्र मनात पाट, हौद आणि रहाट घेऊन. या वारशाचा मोठा भाग पाण्याच्या वाटांत आहे आणि तो सायकलीच्या वेगानेच नीट दिसतो, असे माझे मत झाले आहे, म्हणून हा धागा.

सुरुवात कोर्दोबाची. तेथील मोठ्या मशिदीचे बांधकाम पहिल्या अब्द अल-रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू केले आणि पुढे दोनशे वर्षे ती वाढत गेली. आज आत ८५० हून अधिक खांब आहेत आणि त्यांच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी आहेत. १२३६ मध्ये शहर कास्तिया या ख्रिस्ती राज्याचा राजा तिसरा फर्नांडो याने जिंकले आणि मशिदीचे कॅथीड्रल झाले. सोळाव्या शतकात तर खांबांच्या त्या रानाच्या ऐन मध्यभागी उंच ख्रिस्ती सभामंडप उभारला गेला. आमचे मार्गदर्शक मात्र आम्हाला आधी आत न नेता बाहेरच्या संत्र्यांच्या अंगणात घेऊन गेले आणि तेथे खाली पाहायला सांगितले. प्रत्येक झाडाभोवती आळे आहे आणि एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाणारी दगडी नाली आहे. झाडे फुलली होती आणि अंगणभर वास दरवळत होता. आमच्या गावी आजोबा लिंबाच्या झाडांना ज्या रीतीने पाणी देत, तीच ही रीत होती.

नदीकाठी ‘आल्बोलाफिया’ नावाचा मोठा रहाट आहे, जो कोर्दोबाच्या नगरचिन्हावरही दिसतो. ग्वादालकिवीर या नदीचे नावच मुळी ‘अल-वादी अल-कबीर’, म्हणजे मोठी नदी, या अरबी शब्दांपासून झाले आहे.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी गाडीने काब्रा या गावी जाऊन आम्ही सायकलींवर बसलो. येथून जुन्या ‘तेलगाडी’चा मार्ग जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाएन आणि कोर्दोबा या जिल्ह्यांतील ऑलिव्हचे तेल आणि शिसे वाहून नेण्यासाठी हा लोहमार्ग बांधला गेला. १९८० च्या दशकात तो बंद पडला आणि नंतर रूळ काढून त्याचा पादचारी आणि सायकलस्वारांसाठी ‘व्हिया व्हर्दे’, म्हणजे हरित मार्ग, करण्यात आला. हाएन शहरापासून पुएन्ते हेनिलपर्यंत तो सुमारे १२८ किलोमीटर लांब आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नसे, त्यामुळे संपूर्ण मार्ग सौम्य आहे. वाटेत लोखंडी पूल आणि बोगदे आहेत. सायकलीच्या पहिल्या दिवशी आम्ही डोन्या मेन्सियावरून सुएरोस या गावी मुक्काम केला. उंच खडकावर किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी चुन्याने रंगवलेली घरे आहेत, आणि समोर नजर पोहोचेल तिथपर्यंत ऑलिव्हच्या सरळ रांगा.

दुसऱ्या दिवशी लुके ओलांडून ग्वादाहोस नदीवरच्या दोनशे मीटरांहून लांब पुलावरून आम्ही हाएन जिल्ह्यात शिरलो आणि आल्काउदेतेला पोहोचलो. तिसऱ्या दिवशी हरित मार्ग सोडून डांबरी रस्त्याने आल्काला ला रेआलचा चढ चढलो. ‘आल्काला’ म्हणजे अरबी ‘अल-कलआ’. आपला ‘किल्ला’ हा शब्दही त्याच मुळापासून फारसीमार्गे मराठीत आला आहे. हा कोट १३४१ मध्ये कास्तियाच्या अकराव्या आल्फोन्सोने घेतला आणि त्यानंतर दीडशे वर्षे ग्रानादाच्या मुस्लिम राज्याची सरहद्द येथेच होती. सायकल चालवताना प्रत्येक दोन-तीन टेकड्यांमागे एक टेहळणीचा बुरूज दिसतो आणि एका बुरुजावरून दुसरा दिसेल अशीच त्यांची जागा निवडलेली आहे. मोटारीतून जाताना हे लक्षात आले नसते. चढ चढून धाप लागल्यावर आपण जेथे थांबतो, तेथून दरी उघडते, आणि बुरूज बांधणाऱ्यानेही तीच जागा का निवडली असेल ते पायांना कळते.

चौथ्या दिवशी मोक्लीनच्या किल्ल्यावरून ग्रानादाच्या सपाट, ओलिताच्या खोऱ्यात लांब उतार उतरलो. समोर सिएरा नेवाडाची बर्फाच्छादित रांग होती. येथे उताराच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे पाट सुरू झाले आणि ऑलिव्हच्या करड्या रंगाऐवजी हिरवा रंग दिसू लागला.

ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा या टेकडीवरच्या राजवाड्याबद्दल सर्वत्र इतके लिहिले गेले आहे की मी एवढेच सांगते : त्या टेकडीवर पाणी नव्हते. १२३८ मध्ये नस्री घराण्याचा संस्थापक पहिला मुहम्मद येथे आला तेव्हा दारो नदीचे पाणी वरच्या अंगाला काही किलोमीटरांवर अडवून डोंगराच्या कडेने ‘राजपाट’ आणला गेला. तो आधी हेनेरालिफेच्या बागांना आणि मग राजवाड्यांना पाणी देतो. सिंहांच्या अंगणातील बारा सिंहांचे कारंजे, मेंदीच्या अंगणातील स्थिर पाण्याचा लांब हौद, जिन्याच्या कठड्यातून वाहणारी धार, हे सर्व त्या एका पाटावर उभे आहे. सिंहांच्या कारंज्याच्या कुंडावर इब्न झम्रक या कवीची कविता कोरली आहे आणि तिचा विषयही वाहते पाणी हाच आहे. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटच्या सुलतानाने हे शहर फर्नांडो आणि इसाबेला या ख्रिस्ती राजा-राणीच्या स्वाधीन केले.

पाचवा आणि सर्वांत कठीण सायकल-दिवस आल्पुहारात, म्हणजे सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावर होता. त्याविषयी स्वतंत्र प्रतिसादात लिहीन, कारण माझ्या दृष्टीने सहलीचा गाभा तोच आहे.

प्रतिसाद : दूरपल्ला

फार सुरेख लेख. माझे काही व्यावहारिक प्रश्न आहेत. माझे वय ५४ आहे, आठवड्यातून दोनदा तीस किलोमीटर सायकल चालवतो, परंतु घाटाचा सराव नाही. अशा माणसाला ही सहल झेपेल का? सायकली त्यांच्याच असतात का? सामानाचे काय? आणि शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतात का?

प्रतिसाद : कऱ्हाकाठ

दूरपल्ला, आपल्याला निश्चित झेपेल. दिवसाला साधारण ४० ते ५५ किलोमीटर अंतर असते. सामान मागून येणाऱ्या गाडीत असते आणि दमलेल्याला त्या गाडीत बसण्याची मुभा असते. माझ्या नणंदेने आल्काला ला रेआलचा निम्मा चढ गाडीतून केला. सायकली त्यांच्याच होत्या. हरित मार्गावर दाबलेली माती आणि बारीक खडी असल्याने रुंद टायरची सायकल घ्यावी. विजेचे साहाय्य असलेली सायकलही मिळते. युरोपच्या नियमाप्रमाणे ताशी २५ किलोमीटरनंतर मोटार बंद होते आणि पॅडल मारल्याशिवाय ती चालत नाही. माझ्या यजमानांनी ती घेतली आणि आल्पुहारात तिचा फार उपयोग झाला. निघण्यापूर्वी दोन महिने आम्ही दर रविवारी बोपदेव घाट चढत होतो. सिंहगडाच्या रस्त्याइतका उभा चढ तेथे क्वचितच लागतो, मात्र चढ लांब असतात.

गादी शिवलेली सायकलची चड्डी, बोगद्यांसाठी पुढचा-मागचा दिवा आणि पहाटेच्या थंडीसाठी पातळ वारारोधक जाकीट एवढे इथूनच न्यावे. शहराबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे आहे. सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर ठेवण्याचा तेथे कायदा आहे आणि आमच्या अनुभवात तो पाळला गेला. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबाचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, म्हणून त्या महिन्यांत सायकल-सहलीचा विचारही करू नये.

जेवणाविषयी मला मनापासून आनंद झाला. बदाम आणि लसूण वाटून केलेले ‘आहोब्लांको’ हे थंड सार, पालक आणि हरभऱ्याची भाजी, पाव आणि टोमॅटो, आणि तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी घातलेला पदार्थ. होय, काकवीच! मालागा जिल्ह्यातील फ्रिहिलियाना या गावी ती आजही तयार होते. ऊस, तांदूळ, वांगे, पालक आणि संत्रे ही पिके या भूमीत अल-अंदलुसच्या काळातच रुजली. टोमॅटोच्या ‘साल्मोरेहो’ या सारावर मात्र डुकराच्या मांसाचे तुकडे आणि उकडलेले अंडे पेरतात. ‘सिन हामोन, सिन वेवो’ असे आधीच सांगावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हटले तर सॅलडवर टूना मासा येतो, म्हणून ‘सिन आतून’ हेही पाठ करावे. रात्रीचे जेवण नऊच्या आधी सहसा मिळत नाही.

प्रतिसाद : शब्दवेल

काकवीवरून आठवले. स्पॅनिश ‘आसुकार’ म्हणजे साखर. अरबी ‘सुक्कर’, फारसी ‘शकर’ आणि संस्कृत ‘शर्करा’ अशी ती साखळी आहे. ‘नारान्हा’ म्हणजे संत्रे. अरबी ‘नारंज’, त्यामागे संस्कृत ‘नारंग’ आणि आपले नारिंग. म्हणजे कोर्दोबाच्या अंगणातील झाडाचे नाव आपल्याच बाजूने तिकडे गेले आहे. उलट दिशेने पाहिले तर आपण ‘फलाणा’ म्हणतो आणि स्पॅनिश लोक ‘फुलानो’ म्हणतात. दोघांनीही तो शब्द अरबीतून घेतला, आपण फारसीच्या वाटेने आणि त्यांनी थेट.

एक सूचना आदरपूर्वक करतो. धागाकर्तींनी ‘मूर’ हा शब्द टाळला आहे, ते मला योग्य वाटले. प्रवास-कंपन्यांच्या जाहिरातींत मात्र तोच असतो. ‘मूर’ हा शब्द वायव्य आफ्रिकेतील मौरेतानिया या रोमन प्रांतावरून आला आणि ख्रिस्ती लेखकांनी तो सरसकट वापरला. अल-अंदलुसमध्ये अरब होते, उत्तर आफ्रिकेतील बर्बर होते, धर्म बदललेले स्थानिक होते, अरबी बोलणारे ख्रिस्ती होते आणि ज्यूही होते. एका शब्दात हे मावत नाही.

प्रतिसाद : इतिहासवाट

शब्दवेल यांच्याशी सहमत आहे, आणि त्याला जोडून दोन दुरुस्त्या सुचवतो. एक, ऑलिव्हचे श्रेय अल-अंदलुसला देता येत नाही. धागाकर्तींनी तसे म्हटलेले नाही, पण वाचणाऱ्याचा समज होऊ शकतो. रोमन काळात याच प्रदेशाला बेतिका म्हणत आणि येथील तेल रोमला जात असे. रोममधील मोन्ते तेस्ताच्यो ही टेकडी तेलाच्या फुटक्या रांजणांची बनलेली आहे आणि त्यांतील बहुतेक रांजण बेतिकातलेच आहेत. भाषेत याची खूण उरली आहे : झाडाला स्पॅनिशमध्ये ‘ओलिवो’ हा लॅटिन शब्द आहे, पण फळाला ‘आसेइतुना’ आणि तेलाला ‘आसेइते’ हे अरबी शब्द आहेत.

दोन, तीन धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने नांदत होते असे मार्गदर्शक अनेकदा सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ग्रानादातच १०६६ मध्ये ज्यूंची कत्तल झाली. बाराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद या मुस्लिम राजवटीने ज्यूंवर धर्मांतराची सक्ती केली आणि कोर्दोबात जन्मलेल्या मैमोनिदेस या थोर विद्वानाच्या कुटुंबाला देश सोडावा लागला. १४९२ मध्ये फर्नांडो आणि इसाबेला यांनी ज्यूंना हाकलले. कास्तियातील मुस्लिमांवर १५०२ मध्ये बाप्तिस्म्याची सक्ती झाली आणि त्यांच्या वंशजांनाही १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर काढले गेले. इब्न रुश्दसारखे तत्त्वज्ञ ज्या कोर्दोबा शहराने दिले, त्याच शहरातून त्यांना उतारवयात हद्दपारही व्हावे लागले. हे लक्षात ठेवून ती अंगणे पाहिली तर त्यांचे सौंदर्य कमी होत नाही, असे मला वाटते.

प्रतिसाद : कऱ्हाकाठ

इतिहासवाट, आपल्या दोन्ही दुरुस्त्या मला मान्य आहेत, आणि दुसरीचा संबंध थेट आल्पुहाराशी आहे, म्हणून तो दिवस आता सांगते.

ग्रानादाहून गाडीने ओर्हिवा या गावी गेलो आणि तेथून सायकलींवर पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा या तीन गावांपर्यंत चढलो. ओर्हिवा सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि कापिलेइरा चौदाशे मीटरांच्या वर, म्हणजे एका दिवसात जवळजवळ एक हजार मीटर चढ. मी पाम्पानेइरात पोहोचले तेव्हा पाय थरथरत होते. गल्लीच्या मधोमध दगडी नालीतून स्वच्छ पाणी वाहत होते. त्या आवाजाजवळ मी अर्धा तास बसून राहिले.

१५६८ मध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेल्या येथील मोरिस्को लोकांनी बंड केले. ते १५७१ पर्यंत चिरडले गेले, गावे रिकामी करण्यात आली आणि उत्तरेकडून नवे लोक आणून वसवले गेले. नवख्यांना पाट आणि पायऱ्यांची शेती शिकवण्यासाठी प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबे ठेवून घेतली होती, असे तेथे सांगितले जाते. आपल्या माणसांना हाकलल्यावर त्यांचे पाणी परक्यांच्या शेतात कसे सोडायचे हे शिकवणाऱ्या त्या कुटुंबांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या पाटांची योजना अशी आहे. अगदी वरच्या भागात बर्फ वितळून आलेले पाणी ‘आसेकिया दे कारेओ’ या मातीच्या पाटांनी डोंगराच्या कडेकडेने नेतात आणि जेथे जमीन भेगाळ आहे तेथे मुद्दाम सोडून देतात. ते जमिनीत मुरते, हळूहळू खाली झिरपते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, खालच्या गावांच्या झऱ्यांतून वर येते. डोंगर हेच धरण! पाटाला सिमेंट केले तर ही सर्व योजना बिघडते, कारण गळती हाच तिचा उद्देश आहे. गेल्या शतकात लोक गावे सोडून गेल्यावर अनेक पाट बुजले होते. ग्रानादा विद्यापीठातील संशोधक, गावकरी आणि स्वयंसेवक मिळून ते गेल्या काही वर्षांत पुन्हा मोकळे करत आहेत.

प्रतिसाद : पांझराकाठ

धागा वाचताना अंगावर शहारा आला. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि मूळचा धुळे जिल्ह्याचा आहे. आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत होती आणि काही ठिकाणी आजही आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून उताराने जाणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी वाटण्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी. मी लहानपणी वडिलांबरोबर रात्री दारे धरायला जात असे. आपली पाळी चुकू नये म्हणून माणसे कंदील घेऊन बांधावर बसत.

मला विचारायचे आहे ते हे, की आल्पुहारात पाणी कोण वाटतो? आणि ‘गळती हाच उद्देश’ हे वाक्य मी आमच्या खात्यातील तरुण अभियंत्यांना वाचून दाखवणार आहे. आम्ही आयुष्यभर गळती थांबवण्याचेच काम केले आणि त्यामुळे पाटाखालच्या कित्येक विहिरी आटल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रतिसाद : कऱ्हाकाठ

पांझराकाठ, तेथेही पाटकरीच आहे! त्याला ‘आसेकिएरो’ म्हणतात. शेतकऱ्यांची पाणी-मंडळी त्याला नेमतात. तो वसंतात पाटातील गाळ आणि झाडोरा काढून घेतो, दारे उघडतो-बंद करतो आणि प्रत्येकाला त्याच्या पाळीप्रमाणे पाणी देतो. ‘आसेकिया’ हा शब्दही अरबी ‘अस-साकिया’वरून आला आहे. आम्हाला बुबियोनच्या वर असा एक गृहस्थ भेटला. त्याच्या हातात लांब दांड्याचे फावडे होते आणि मातीचा एक गड्डा उचलून त्याने ज्या सहजतेने पाणी दुसरीकडे वळवले, ते पाहून माझे यजमान म्हणाले की हा माणूस बारामतीत उभा केला तरी कोणाला परका वाटणार नाही.

प्रतिसाद : धाब्याचे घर

त्या गावांची छायाचित्रे पाहिली आणि क्षणभर धाराशिवकडचे (पूर्वीचे उस्मानाबाद) माझे आजोळ वाटले. घरांची सपाट छपरे मातीचीच आहेत ना?

प्रतिसाद : कऱ्हाकाठ

होय. चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर पातळ दगडी फरश्या आणि त्यांवर ‘लाउना’ नावाच्या करड्या मातीचा थर असतो. ही माती भिजली की घट्ट बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. आपल्या धाब्याच्या घरांवर पांढरीची माती घालतात तेच तत्त्व. अशीच छपरे मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातील बर्बर गावांत आहेत. स्पेनमध्ये इतरत्र बहुधा कौलेच दिसतात, त्यामुळे या गावांचे वेगळेपण चटकन जाणवते. तेथील बायका छपरांवर मिरच्या आणि अंजिरे वाळत घालतात, असे आमच्या मार्गदर्शकांनी सांगितले.

प्रतिसाद : दूरपल्ला

मन पक्के झाले आहे, सप्टेंबरच्या अखेरीस जाण्याचा विचार आहे. व्हिसा आणि अल्हाम्ब्राच्या तिकिटाविषयी सांगाल का? आणि कंपनी निवडताना काय विचारावे?

प्रतिसाद : कऱ्हाकाठ

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नये. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेताना सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे, कारण काही विम्यांत ती वगळलेली असते.

अल्हाम्ब्राची तिकिटे नावानिशी आणि नस्री राजवाड्यांच्या ठरावीक वेळेची असतात, आणि ती आठवडेच्या आठवडे आधी संपतात. आमच्या बाबतीत कंपनीने भाच्याच्या तिकिटावर आडनावाच्या जागी वडिलांचे नाव घातले होते. दारात पासपोर्टशी ते जुळेना आणि त्याला बाहेर थांबावे लागले. मार्गदर्शकांनी बरीच खटपट केल्यावर आमची वेळ संपता संपता त्याला आत सोडले, त्यामुळे सिंहांचे अंगण त्याने धावतपळत पाहिले. तो मुलगा वर्षभर त्याच अंगणाची चित्रे काढत होता, म्हणून मला त्याचे फार वाईट वाटले. आपले नाव पासपोर्टवर जसे आहे तसे, अक्षर न बदलता, कंपनीला पाठवा आणि तिकीट हाती आल्यावर स्वतः तपासा.

कंपनीला एकच गोष्ट आवर्जून विचारा : आल्पुहाराचा दिवस कार्यक्रमात आहे का, आणि तेथे पाटाच्या कडेने थोडे पायी चालवतात का? अनेक सहली ग्रानादात संपतात. एक दिवस वाढवावा लागला तरी वाढवा. शक्य असेल तर कोर्दोबाबाहेरचे मदीनत अल-झहरा हे उद्ध्वस्त राजनगरही पाहा. तिसऱ्या अब्द अल-रहमानने ते ९३६ च्या सुमारास वसवायला घेतले आणि शंभर वर्षांच्या आतच ते लुटले गेले.

सप्टेंबरच्या अखेरीस संत्र्याची फुले नसतील आणि पाटांतील पाणी कमी झालेले असेल. पण वरच्या डोंगरात वसंतात मुरवलेले पाणी तेव्हाही गावातल्या झऱ्यांतून येत असते. पाम्पानेइराच्या चौकात असा झरा आहे. तेथे बाटली भरून घ्या.